रात्री नांगर सुटतो? आधी वेळ बघा

मुरुडसमोर शिडाची बोट घेऊन मुक्काम केलेल्या माणसांकडून मी एकच तक्रार वारंवार ऐकतो. संध्याकाळी नांगर छान धरला होता, इंजिन रिव्हर्सला टाकून ओढूनही पाहिलं होतं, जेवणं झाली, सगळे झोपले, आणि रात्री केव्हातरी बोट चालायला लागली. पुढच्या खेपेला मोठा नांगर विकत घेतला, तरी पुन्हा तेच.

माझ्या बोटीलाही तीन हंगाम हाच त्रास होता. बोट २८ फुटी, नांगर १० किलोचा, त्याला ३० मीटर साखळी आणि तिच्यापुढे नायलॉनचा दोर. नांगर बदलून काही फरक पडला नाही. प्रत्येक वेळी नांगर किती वाजता सुटला हे मी वहीत लिहायला लागलो, तेव्हा कुठे फरक पडला. सात-आठ नोंदी झाल्यावर दिसलं की हा एक बिघाड नाही. दुखणी तीन आहेत, प्रत्येकाची वेळ वेगळी आणि उपायही वेगळा. म्हणून कोणी विचारलं की मी नांगराचं वजन नंतर विचारतो. आधी विचारतो, "किती वाजता सुटला? आणि त्या दिवशी तिथी कोणती होती?"

आधी जागेबद्दल थोडं. मुंबईहून मुरुड समुद्रमार्गे साधारण ३५ सागरी मैल, म्हणजे शिडाच्या बोटीला एका दिवसाचा पल्ला. ऑक्टोबर ते मे या हंगामात दक्षिणेकडे जाणारे इथे थांबतात. पण मुरुडची किनारपट्टी पश्चिमेला उघडी आहे. समोर समुद्रात पद्मदुर्ग, दक्षिणेला राजपुरी खाडीच्या तोंडाशी जंजिरा. हे बंदर नव्हे, उघडी जागा आहे, हे मनात पक्कं धरूनच इथे नांगर टाकायचा. खरा आडोसा खाडीत आत मिळतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो, अंधार पडला की तो मंदावतो, आणि मध्यरात्रीनंतर जमिनीवरून मतलई वारा सुरू होतो. म्हणजे संध्याकाळी बोटीचं तोंड वायव्येला असतं आणि पहाटे पूर्वेला. एका रात्रीत बोट जवळजवळ अर्धं वर्तुळ फिरते. नांगराच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ या फिरण्यात आणि पाण्याच्या चढण्यात आहे.

तासाभरात सुटला तर

तर तो मुळात धरलाच नव्हता. याचं कारण बहुधा तळाशी असतं. या किनाऱ्यावर कुठे घट्ट वाळू लागते, कुठे लोण्यासारखा मऊ गाळ, कुठे वाळूच्या पातळ थराखाली खडक. खडकावर नांगर नुसता अडकतो, धरत नाही, आणि अडकलेला नांगर बोटीचं तोंड थोडं फिरलं की निघतो.

गाळात मात्र चूक आपल्या घाईची असते. नांगर टाकल्या टाकल्या इंजिनने जोरात मागे ओढलं की तो गाळातून सुरी फिरावी तसा सरकत येतो. गाळात नांगर मुरू द्यावा लागतो. टाका, साखळी हळूहळू सोडा, वाऱ्याने बोटीला आपोआप मागे जाऊ द्या आणि वीस-पंचवीस मिनिटं काहीही करू नका. चहा टाका, शिडं आवरा. मग इंजिन रिव्हर्सला टाकून आधी अगदी मंद आणि हळूहळू निम्म्या जोरापर्यंत वाढवत मिनिटभर ओढा.

ओढताना एकाने नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, जाऊन साखळी ज्यावरून खाली उतरते त्या रोलरच्या पुढे साखळीवर तळहात ठेवायचा. बोटं साखळीभोवती गुंडाळायची नाहीत, नुसता तळवा वरून टेकवायचा. नांगर धरलेला असेल तर साखळी ताणली जाते, जड होते आणि गप्प राहते. घसरत असेल तर हाताला थरथर लागते, मधूनच एक हिसका, मग पुन्हा थरथर, बैलगाडी खडीवरून जावी तशी. ही थरथर एकदा हाताला कळली की विसरत नाही. माझा यंत्रापेक्षा तिच्यावर जास्त भरवसा आहे, कारण यंत्र सांगेपर्यंत बोट वीस मीटर गेलेली असते.

दोनदा प्रयत्न करूनही धरला नाही तर तिसऱ्यांदा तिथेच टाकू नका. नांगर पूर्ण वर घ्या आणि बघा. एकदा माझ्या नांगराच्या फाळावर, म्हणजे तळात रुतणाऱ्या पात्यावर, जुन्या जाळ्याचा तुकडा आणि प्लास्टिकचं पोतं असं घट्ट बसलं होतं की टोक तळाला लागणंच शक्य नव्हतं. दुसऱ्या एका वेळी शिंपल्यांचा चुरा फाळाच्या बिजागरीत भरला होता. डॅनफोर्थ पद्धतीच्या, म्हणजे सपाट हलत्या फाळांच्या नांगराला हा धोका विशेष आहे. वाळूत आणि गाळात तो उत्तम धरतो, पण बिजागरीत काही अडकलं तर पुन्हा रुतत नाही.

मध्यरात्रीच्या आसपास सुटला तर

हे दुखणं सगळ्यात जास्त लोकांना होतं, आणि ते पूर्ण टाळता येतं. म्हणून यावर सविस्तर लिहितो.

आपल्या आजी-आजोबांना भरतीची वेळ काढायला कोष्टक लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. थोडं इकडेतिकडे होतं, आणि बोटीसाठी सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकंच वापरायची, पण हा हिशोब एक फार महत्त्वाची गोष्ट दाखवतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला आपल्या भागात पूर्ण भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास येते. म्हणजे पूर्ण ओहोटी नेहमी सूर्यास्ताच्या सुमाराला.

आता बघा काय होतं. लोक चांदण्या रात्री बघून निघतात. मीही तसाच निघालो होतो, जानेवारीतल्या पौर्णिमेला. संध्याकाळी सहाला मुरुडसमोर पोचलो. खोली ३.५ मीटर. पाण्यापासून नाळेची उंची १ मीटर. बेरीज ४.५, तिच्या पाचपट साखळी सोडायची म्हणून मी २३ मीटर सोडली आणि निश्चिंत झालो. पण ती त्या दिवसातली सर्वांत कमी खोली होती. मध्यरात्रीपर्यंत पाणी ३ मीटर चढलं. ३.५ अधिक ३ अधिक १, एकूण साडेसात मीटर. साखळी तेवढीच, २३ मीटर. पाचपट होती ती जेमतेम तिप्पट उरली.

तिपटीवर नांगर का सुटतो? नांगर त्याच्या वजनाने धरत नाही, रुतून धरतो, आणि रुतलेला राहायला ओढ तळाला समांतर लागते. साखळीचा नांगराजवळचा भाग जमिनीवर पडलेला असेल तोवर ओढ आडवी असते. साखळी अपुरी पडली की ओढ तिरकी होऊन नांगराचा दांडा वर उचलला जातो. दांडा उचलला म्हणजे आपण सकाळी नांगर काढताना जे करतो तेच झालं. त्यात वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते, म्हणून संध्याकाळी ज्या तिपटीने चाललं असतं ती रात्री एका झुळकेत जाते.

त्या रात्री मी झोपेत होतो. शेजारी नांगरलेल्या मासेमारी होडीवरचे तांडेल काका दोन्ही हातांचे तळवे तोंडाशी धरून ओरडत होते, "अरे दोर सोड, दोर! पाणी किती चढलंय बघ!" मी बाहेर आलो तेव्हा त्यांची होडी जिथे डावीकडे हवी तिथे समोर दिसत होती. मी पंधरा मीटर आणखी सोडली, बोट एकदा मागे गेली, ताणली आणि थांबली. पाण्याकडे बघून त्यांना जे कळलं, ते मी संध्याकाळी आकडेमोड करूनही चुकवलं होतं, कारण मी आकडा ओहोटीचा धरला होता.

तेव्हापासून माझा हिशोब असा: रात्रीतली सर्वांत जास्त खोली, अधिक नाळेची उंची, आणि त्या बेरजेच्या साखळी असेल तर पाचपट, दोर जास्त असेल तर सातपट. उघड्या जागी मी साखळीलाही सातपटच करतो. वरच्या उदाहरणात ते ५२ मीटर होतात. म्हणजे माझी ३० मीटर साखळी पुरत नाही, दोर सोडावाच लागतो, आणि बोटीत तेवढा दोर आहे की नाही हे मुंबईतच बघायला हवं. भरती-ओहोटीतला फरक मुंबईला मोठ्या उधाणाला चार मीटरच्या पुढेही जातो, दक्षिणेला जाल तसा कमी होतो आणि गोव्यात दोन मीटरच्या आसपास राहतो. त्यामुळे मालवण-गोव्याकडे शिकलेला माणूस मुंबईच्या जवळ आला की इथेच फसतो. आणखी एक: खोली दाखवणारं यंत्र पृष्ठभागापासून मोजतं, सेन्सरपासून, की किलच्या (बोटीखालच्या खोल कण्याच्या) तळापासून, हे आपल्या बोटीवर एकदा दोरीला शिसं बांधून तपासून घ्या. माझ्या यंत्रात अर्ध्या मीटरचा फरक निघाला, आणि सातपटीत त्याचे साडेतीन मीटर होतात.

जास्त साखळी म्हणजे मोठं वर्तुळ, हेही लक्षात ठेवायचं. ५२ मीटर सोडली तर बोट साठ मीटर त्रिज्येत कुठेही जाऊ शकते. त्या सगळ्या वर्तुळात ओहोटीला पुरेसं पाणी हवं, खडक नको, दुसरी बोट नको आणि डोल जाळ्यांचे बोये नकोत. जागा तेवढी मोकळी नसेल तर साखळी कमी करू नका, जागा बदला.

अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या वेळी, चित्र उलटं होतं. सहाला भरती, मध्यरात्री ओहोटी. तेव्हा नांगर सुटत नाही, पण बोट तळाला टेकू शकते. भांगाला चढउतार कमी असतो, तरी मध्यरात्रीची खोली काढून त्यात किलखाली निदान एक मीटर पाणी उरतं का, हे नांगर टाकण्यापूर्वी बघा.

पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान सुटला तर

हा मतलई वाऱ्याचा मामला. संध्याकाळी वायव्येच्या वाऱ्याच्या ओढीने रुतलेला नांगर आता पूर्वेकडच्या वाऱ्याच्या ओढीला सामोरा जातो. तो उलटा फिरतो, निघतो, आणि पुन्हा रुतला नाही तर बोट समुद्राकडे निघते. किनाऱ्यापासून दूर जातोय म्हणून बरं वाटू देऊ नका. मुरुडला त्या बाजूला पद्मदुर्ग आणि त्याच्या भोवतीचे खडक आहेत. शिवाय पौर्णिमेला तीन वाजता ओहोटीही जोरात असते. खाडीच्या तोंडाजवळ नांगरलेल्या बोटीला तेव्हा प्रवाह आणि वारा दोन्ही एकाच दिशेला, बाहेर, ओढतात.

नांगराचा प्रकार महत्त्वाचा ठरतो तो इथे. जुन्या बोटींवर नांगरटीच्या फाळासारखा दिसणारा सीक्यूआर नांगर अजून पुष्कळ दिसतो. जी. आय. टेलर या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने तो १९३३ मध्ये पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी केला होता. चांगला नांगर आहे, दांडा बिजागरीवर फिरतो म्हणून छोट्या वळणांना तो सुटत नाही. पण पूर्ण उलट्या ओढीला घट्ट वाळूत तो कधी कधी कुशीवर पडून सरकत राहतो. अलीकडचे खोलगट पात्याचे नांगर, विशेषतः वर कमान असलेले, उलटले तरी स्वतः सरळ होऊन रुततात. पैसे खर्च करायचेच असतील तर जुन्या प्रकाराचा मोठा नांगर घेण्यापेक्षा या प्रकाराचा घ्या. पण हे फक्त पहाटेच्या दुखण्यावर औषध आहे. मध्यरात्रीच्या दुखण्यावर कुठलाही नांगर चालत नाही.

दोन नांगर टाकावेत का, हे हमखास विचारलं जातं. अरुंद खाडीत, जिथे प्रवाह सहा तासांनी उलटतो आणि फिरायला जागाच नाही, तिथे प्रवाहाच्या दोन्ही दिशांना एकेक नांगर हा जुना आणि बरोबर उपाय आहे. उघड्या किनाऱ्यावर मी करत नाही. बोट फिरली की दोन दोरांना पीळ बसतो, आणि अंधारात निघायची वेळ आली तर तो पीळ सोडवत बसावं लागतं. त्याऐवजी मी साडेतीनचा गजर लावतो. उठतो, वारा कुठून आहे बघतो, बोट वळलेली असेल तर साखळीवर तळवा ठेवतो आणि गरज वाटली तर इंजिनने नव्या दिशेला मिनिटभर ओढून नांगर पुन्हा बसवतो. पंधरा मिनिटांचं काम आहे. त्यानंतरची झोप फार चांगली लागते.

वारा नसताना बोट हिसके देते तेव्हा

उघड्या जागी वारा पडला तरी समुद्राची लांब फुगवट येतच असते. नाळ वर गेली की साखळी ताणते, खाली आली की सैल, पुन्हा ताणते, आणि प्रत्येक हिसक्याला नांगर थोडा थोडा उचकटतो. ताणलेल्या साखळीला हिसका शोषता येत नाही. म्हणून साखळीला हुक लावून तिथून आठ-दहा मीटरचा नायलॉनचा दोर बोटीच्या क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) बांधायचा आणि ओढ साखळीऐवजी त्या दोरावर घ्यायची. नायलॉनच हवा, कारण तो ताणतो. नाळेवर जिथे दोर घासतो तिथे बागेच्या पाइपाचा तुकडा चिरून चढवा, नाहीतर एका रात्रीत दोराचे पीळ उसवतात. हा दोर घातल्या क्षणी केबिनमधला खडखडाट थांबतो.

एप्रिल-मेमध्ये आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर चालत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतात, इथे वाऱ्याचा मागमूस नसताना. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था याचे इशारे देते. इशारा असेल तर उघड्या जागी मुक्काम करू नका. दिवस मावळायच्या आत राजपुरी खाडीत आत जा.

सुटलाय हे कळायचं कसं

फोनमधला नांगराचा अलार्म उपयोगी आहे, पण बहुतेक जण त्याचं वर्तुळ फार लहान ठेवतात. मग मतलई वाऱ्याला बोट नुसती वळली तरी तो ओरडतो, माणूस वैतागून बंद करतो, आणि खरी वेळ आली तेव्हा अलार्म बंद असतो. खूण नांगर तळाला लागला त्या क्षणी नाळेवर उभं राहून घ्या, आणि त्रिज्या सोडलेली साखळी, बोटीची लांबी आणि वर पाच-दहा मीटर अशी ठेवा.

डोळ्यांसाठी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, एक जवळची, एक लांबची. अशा दोन जोड्या. रात्री दिसतील असे दिवे निवडा, पण खानावळीचा दिवा धरू नका, तो अकराला बंद होतो आणि मग खूणच उरत नाही.

नांगरलेल्या बोटीवर सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा हवाच. तो डोलकाठीच्या टोकावर असला तर जवळून येणाऱ्या होडीला ताऱ्यांमध्ये हरवतो. पहाटे मासेमारीच्या होड्या निघतात, म्हणून मी एक दिवा खाली, डोक्याच्या उंचीवरही लावतो.

सुटलाच तर

आधी इंजिन सुरू करा, पण त्याआधी टॉर्चने बघा की पंख्याजवळ पाण्यात दोर लोंबत नाही. मागे जागा असेल तर आणखी दोर सोडा, पुष्कळदा एवढ्यानेच धरतो. जागा नसेल तर इंजिनने हळू पुढे जात साखळीवरचा ताण कमी करा आणि नांगर वर घ्या. मग अंधारात पुन्हा टाकायचा की निघायचं, हे ठरवा. अनोळखी खाडीत अंधारात शिरण्यापेक्षा खोल पाण्यात बाहेर जाऊन उजाडेपर्यंत थांबणं मला नेहमी सुरक्षित वाटलं आहे.

नांगर वर येतच नसेल आणि खडक जवळ येत असतील तर दोराला फेंडर (बोटीच्या कडेला लावायचा तरंगता फुगा) बांधून सगळं सोडून द्या, दिवसा परत येऊन काढता येतं. यासाठी साखळीचं किंवा दोराचं शेवटचं टोक बोटीत शॅकलने (लोखंडी कडीने) कधीच पक्कं करायचं नाही. ते जाड दोरीने बांधायचं, जी सुरीने एका घावात कापता येईल, आणि सुरी तिथेच हाताशी ठेवायची. वेळ हाताबाहेर जातेय असं वाटलं तर व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६ किंवा फोनवरून तटरक्षक दलाचा १५५४.

सकाळी नांगर वर आला की बादलीने धुण्यापूर्वी फाळाकडे बघा. करडा चिकट गाळ आहे, वाळू आहे, शिंपले आहेत, की धातूवर खडकाचा ताजा ओरखडा आहे? टोकापर्यंत माती लागली आहे का, की नुसती एका कुशीला? मी ते वहीत लिहितो, शेजारी तिथी, सोडलेली साखळी आणि साडेतीनला वारा कुठून होता ते, आणि मगच पाणी ओततो.